ऑफिसात साऊथ एशियन हेरिटेज मंथ करा म्हणे, नागपुरातून काय दाखवायचं?

खापरीची_लास्ट_मेट्रो

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबडा आहे, चहा घेऊनच बसा.

मी मिहानमधे, म्हणजे नागपूर विमानतळाजवळच्या आयटी भागात, एका युकेच्या कंपनीच्या बॅक ऑफिसात आहे, नाव नाही सांगत. यंदा तिकडून मेल आला की साऊथ एशियन हेरिटेज मंथचा कार्यक्रम नागपूर टीमनं होस्ट करावा, एक तास लाईव्ह, तिकडचे तीन-चारशे लोक बघणार. एचआरवाल्या मॅडमनी मला पकडलं कारण मागच्या वर्षी गणपतीचं डेकोरेशन मी केलं होतं, एकदा हो म्हटलं की झालं, जन्मभराचं काम लागतं मागे.

त्यांचा प्लॅन असा. सगळ्या बायकांनी नऊवारी, पोरांनी कुर्ता, लेझीम, मग तीन हिंदी गाण्यांवर डान्स, मेंदी, समोसे, पाठीमागे झिरो माईलच्या खांबाचा मोठा फ्लेक्स अन् एका कोपऱ्यात संत्र्यांचा स्टॉल. जुलैमधे संत्री! मी म्हटलं मॅडम आंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे येतो, मृगाचा फेब्रुवारी-मार्चमधे, जुलैत झाडावर नुसती हिरवी गोटी असते, तं त्या म्हणे मग प्लास्टिकची लावू, कॅमेऱ्यात काय कळतं.

हसू येते पण मला खटकून काय राहिलं ते सांगते. माझ्या फ्लोरवर साठ जण आहेत. कामठीचे मुस्लिम आहेत, जरीपटक्याचे सिंधी आहेत, उत्तर नागपुरातले बौद्ध आहेत, छिंदवाड्याहून आलेली हिंदीवाली पोरं आहेत, एक जण गडचिरोलीचा बंगाली आहे, त्याच्या आजोबांना पूर्व पाकिस्तानातून आल्यावर तिकडे जमीन दिली होती. यांच्यातलं त्या एका तासात काहीच नाही. नऊवारी तं माझ्या स्वतःच्या घरी आजीनंतर कोणी नेसलं नाही, यूट्यूब बघून नेसावं लागन. म्हणजे हे हेरिटेज नेमकं कोणाचं? अन् मेलमधे दर दुसऱ्या ओळीत इन्क्लुजन लिहिलेलं आहे. कोणी असं काही केलं असन तं सांगा, मॅडमसमोर काय मांडू? चिडायचं नाहीये मला, त्या मनानं चांगल्या आहेत.


तर्री_एक्स्ट्रा

प्लास्टिकची संत्री, अरे बाप्पा! फ्लेक्सवर लिहून द्या, फक्त दर्शनासाठी.

ताई समोसा काहून? तो तं तिकडच्या दुकानातही भेटते. सांबारवडी ठेवा. अन् तिकडच्यांना आधीच सांगून ठेवा की आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, नाही तं ते इडली शोधत बसतीन. आमचा पुण्याहून आलेला मॅनेजर पहिल्या दिवशी भाजी घ्यायला गेला, भाजीवाली म्हणे सांबार टाकू का, तं हा म्हणे टाका पण पिशवी गळन ना. आजपर्यंत त्याले आम्ही सोडलं नाही.

मेन म्हणजे साओजी. लोकाले वाटते साओजी म्हणजे नाकातून पाणी, संपलं. ते हलबा कोष्टी विणकरांच्या घरातलं जेवण आहे, भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, जवसाचं तेल, दिवसभर मागावर बसलेल्या माणसाचं जेवण. माग बसत गेले, १८७७ ची एम्प्रेस मिल बी बंद पडली, अन् बऱ्याच घरातली चूल भोजनालयात आली. माझा मोठा बाप मिलमधे होता म्हणून सांगून राहिलो. भोंगा वाजला की महाल भागापर्यंत घड्याळं लावत म्हणे लोक.

अन् मारबत कशी विसरता राजेहो? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, अख्खं नागपूर रस्त्यावर असते, काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून, असं आख्ख्या जगात कुठं नाही. ईडा पीडा घेऊन जा गे मारबत! सोबतचे बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे, तं दरवर्षी नवीन, महागाईचा, खड्ड्यांचा, जो विषय गरम असन त्याचा. तुम्ही ऑफिसात अप्रेजलचा बडग्या करा. लाईव्ह. तिकडचे तीनशे लोक उभे राहून टाळ्या वाजवतीन.


लेस्टरहून_परत

मी सहा वर्षं लेस्टरला होते, आता प्रतापनगरला आहे. हा महिना तिकडे का पाळतात ते तुमच्या मॅडमना आधी सांगा, अर्धं काम तिथेच होईल.

२०२० पासून सुरू झालाय. तारखा ठेवल्या होत्या १८ जुलै ते १७ ऑगस्ट, त्या उगाच नव्हत्या निवडलेल्या. १८ जुलै १९४७ ला भारताच्या स्वातंत्र्याच्या कायद्याला राजाची मंजुरी मिळाली आणि १७ ऑगस्टला रॅडक्लिफ रेषा, म्हणजे फाळणीची सीमा, जाहीर झाली. म्हणजे १५ ऑगस्टला झेंडे लावून झाले आणि आपलं गाव कोणत्या देशात गेलं ते पंजाब-बंगालच्या लोकांना त्यानंतर दोन दिवसांनी कळलं. रेषा आखणारा माणूस त्याआधी कधी इकडे आलाच नव्हता, पाच आठवड्यांत काम उरकून गेला. आणि साऊथ एशियन म्हणजे ते लोक आठ देश धरतात, भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मालदीव, अफगाणिस्तान. त्यात डान्स मेडली कशी बसवायची ते तुम्हीच बघा.

पण एक बाजू तिकडचीही सांगते. माझ्या नावात ज्ञ आहे, सहा वर्षांत एकालाही नीट म्हणता आलं नाही, शेवटी मीच सोपं करून टाकलं, आईला फोनवर कळलं तेव्हा ती दोन दिवस बोलली नाही नीट. डबा गरम केला की कोणीतरी उठून खिडकी उघडायचं, काही न बोलता. मग वर्षातून एक दिवस त्याच किचनमध्ये सगळे रांग लावून माझ्या हातचं वांग्याचं भरीत वाढून घ्यायचे, बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू. तिकडे आपण दोन-चारच असतो म्हणून साडी नेसून नुसतं उभं राहिलो तरी कोणालातरी काहीतरी कळतं. इथे तोच कार्यक्रम जसाच्या तसा केला तर तो कोणाला काय सांगणार? समोर बसलेले सगळेच इथले.

लेझीम मात्र ठेवा, लेझीमला माझा विरोध नाही.


जरीपटक्याचा_पोट्टा

१७ ऑगस्ट वाचून जरा थांबलो भाऊ. आमच्या घरी रेषेचं कोणी बोलत नाही कारण सिंधमधून ती गेलीच नाही. पंजाबचे दोन तुकडे झाले, बंगालचे दोन झाले, सिंध अख्खा तिकडे. त्यामुळं इकडचा सिंध असं काही उरलंच नाही. आजोबा सक्खरहून आले, आधी कॅम्पात राहिले, मग जरीपटका. मरेपर्यंत घराच्या चाव्या कपाटात होत्या. कुलूप तिकडे, चाव्या इकडे.

आता ऑफिसचं ऐका. माझा बाप नागपुरात जन्मला, मी नागपुरात जन्मलो, अन् दर नवीन जॉईनी मला विचारतो, तू मराठी इतकी चांगली कुठं शिकला? बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, शिकलो म्हणतो मी, शनिवारी क्लास असते. चेटीचंडची, म्हणजे आमच्या सिंधी नवीन वर्षाची, सुट्टी मागितली तं टीम लीड म्हणे ते काय असते. मी म्हटलं सर पाडव्याला लागूनच असते बहुतेक. तं म्हणे मग पाडव्याची घे ना, एकात दोन होतीन.

ताई कार्यक्रम कराल तं सांगा, आई दाल पकवान करून देते, साठ लोकांचं बी करन. तिला कोणी मागितलंच नाही आजवर.


बसा_गप्प

काय नौटंकी आहे ही सगळी. यंदा इन्क्रीमेंट ४ टक्के अन् इथं हेरिटेज. नऊवारी नेसा नाही तं पाचवारी, पगार तेवढाच. गाणे लावा, समोसे खा, सहाची बस पकडा.


इंदोरा_चौक

थोडं स्पष्ट लिहिते, राग मानू नका.

मागच्या कंपनीत डायव्हर्सिटी वीक होता. मला बोलावून सांगितलं, दीक्षाभूमीवर तू पाच मिनिटं बोल ना. आमच्या टीममध्ये वीस जण होते, सगळे नागपूरचे, दीक्षाभूमी सगळ्यांच्याच गावात आहे, पण बोलायचं मी. मी काही कोणाला सांगितलेलं नव्हतं, पण आपल्याकडे सांगावं लागत नाही. पहिल्या आठवड्यात नाव विचारतात, मग पुढे काय, आडनावावरून नक्की होत नसेल तर गाव कोणतं, मग राहता कुठे, आणि इंदोरा म्हटलं, म्हणजे उत्तर नागपुरातली बौद्ध वस्ती, की पुढचा प्रश्न येत नाही.

बोलले मी. चांगली तयारी करून बोलले. १४ ऑक्टोबर १९५६, विजयादशमी, बाबासाहेबांना दीक्षा देणारे महास्थवीर चंद्रमणी मूळचे ब्रह्मदेशातले होते, स्तूप सांचीवरून घेतलाय, दर दसऱ्याला देशभरातून लोक येतात आणि बाकी काही घेतलं नाही तरी पुस्तकं घेऊन जातात. टाळ्या झाल्या, फोटो झाला, तो कंपनीच्या पेजवर अजून आहे. आणि दुपारी जेवायला तीच टेबलं, तीच माणसं, नॉनव्हेज डबेवाले खिडकीजवळ बसा म्हणणारी तीच. लेस्टरताई, तुमची खिडकी वाचली आणि म्हटलं, ती तर आमच्या मजल्यावरपण आहे.

आणि हेरिटेज तिकडे पोचायचं राहिलंय असं नाही. सिएटलने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली. कॅलिफोर्नियात तसंच बिल पास झालं होतं, ते त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरनी सही न करता परत पाठवलं. आपली माणसं मसाल्याच्या डब्यासोबत काय काय घेऊन गेली ते त्यावरून कळतं.

झिरो माईलचा फ्लेक्स लावताय ना, तर एक लक्षात ठेवा. ते चार घोडे आणि खांब फोटोत मस्त येतात, पण बाजूलाच गोवारी स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४, गोवारी समाजाचे लोक आदिवासी म्हणून मान्यता द्या म्हणून मोर्चा घेऊन आले होते, चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली. फोटोग्राफर सगळे स्मारक कापून फ्रेम घेतात. तुम्ही तेवढं नका करू.

मला कोणी विचारलंच तर मला स्टेज नको आहे. दसऱ्याला दोन दिवस सुट्टी पाहिजे. घरी बाहेरगावचे दहा-बारा पाहुणे असतात, आमच्या वस्तीचा जेवणाचा स्टॉल असतो, भात मी बघते. दरवर्षी सिक लीव्ह टाकते. दर ऑक्टोबरला मला ताप येतो.


बसा_गप्प

आता यात जात कुठून आली? आपण जेवणा-खाण्याचं बोलून राहिलो होतो.


इंदोरा_चौक

आडनाव विचारणाऱ्यांसोबत आली. जेवणा-खाण्यातूनच आली.


बसा_गप्प

मी कोणाला आडनाव विचारत नाही. पण ठीक आहे, सिक लीव्हचं समजलं. आमच्याकडे पण असंच चालते, पोळ्याला अर्ध्या फ्लोरचं पोट बिघडते.


फायलीतला_माणूस

मी कंप्लायन्सचं काम करतो, म्हणून फक्त सुट्टीवर बोलतो.

महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा आहे २०१७ चा, आधी दहा किंवा जास्त माणसं असली की लागू होत होता, २०२५ च्या दुरुस्तीनंतर वीस. त्यात वर्षाला आठ भरपगारी सुट्ट्या आहेत. चार ठरलेल्या, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार सणांच्या, आणि त्या मालकानं अन् काम करणाऱ्यांनी मिळून वर्ष सुरू व्हायच्या आधी ठरवायच्या. पुन्हा वाचा, मिळून. मी पंधरा वर्षांत किती ऑफिसांच्या फायली पाहिल्या, सुट्ट्यांची यादी मेलवर येते अन् लोक पीडीएफ डाउनलोड करून पहिले लाँग वीकेंड मोजतात, आम्हाला विचारलं का असं कोणी म्हणत नाही. विचारायचं असते हेच माहीत नसते.

ताई, तुमच्या चार कोणत्या आहेत ते बघा अन् कोणी ठरवल्या ते बी विचारा.


दुसरा_मजला_ॲडमिन

मी मिहानमधेच आहे पण दुसऱ्या बिल्डिंगमधे. लेस्टरताईंनी आठ देश लिहिले तेव्हा मी सहज मोजलं, आमच्याकडे भारताबाहेरचा साऊथ एशियन किती? एक. रात्रपाळीचा गार्ड, नेपाळ, पोखऱ्याच्या वरचं कुठलं गाव. भारत-नेपाळच्या १९५० च्या करारामुळं त्या लोकांना इकडे यायला व्हिसा लागत नाही, आठ वर्षं झाली त्याला.

मागच्या वर्षी आमच्याकडे हाच कार्यक्रम झाला, नेपाळची टोपी घालून एक जण नाचला, तो वर्ध्याचा होता. गार्ड गेटवर होता. त्याला इनव्हाईटच नव्हता कारण तो आपल्या रोलवर नाही, एजन्सीच्या आहे, त्याच्या आयडीची दोरी बी वेगळ्या रंगाची असते. सगळे त्याला बहादूर म्हणतात. त्याचं नाव ते नाहीये. रजिस्टरमधे मी रोज त्याचं खरं नाव बघतो अन् हाक मारताना तोंडून बहादूरच निघते, आता लिहिताना जरा कसंतरी वाटलं.


खापरीची_लास्ट_मेट्रो

ॲडमिन भाऊ आमच्याकडे पण आहे! नेपाळचाच, अन् आम्ही पण तेच म्हणतो. मला नाव माहीत नाही. उद्या विचारते. मॅडमसोबत मंगळवारी मीटिंग आहे, सांगते काय होते ते.


खापरीची_लास्ट_मेट्रो

अपडेट, उशीर झाला माफ करा, क्वार्टर एंड होतं.

मॅडमनी हा धागा पूर्ण वाचला, मी मोबाईल त्यांच्या हातात दिला अन् पाणी प्यायला निघून गेली. परत आली तं त्या पहिले म्हणाल्या, प्लास्टिकच्या संत्र्यांचं सगळ्या गावाला सांगायची काय गरज होती. मग म्हणे, नऊवारी कम्पलसरी नाही, ज्याला जे घालायचं ते घालू दे. लेझीम राहिली. समोसे गेले, सांबारवडी अन् संत्रा बर्फी आली, दाल पकवान पक्कं, जरीपटका भाऊ तुम्हाला मेसेज केलाय. झिरो माईलच्या फोटोत स्मारक येईल असा अँगल आमच्यातल्याच एकीनं काढून आणला. मारबतीवर पंधरा मिनिटं आहेत पण अप्रेजलचा बडग्या नामंजूर, महागाईचा मंजूर. गडचिरोलीवाला बोलतो म्हणाला पण आजोबांवर नाही बोलणार, आजीच्या मासळीवर बोलणार. बोल बाप्पा.

इंदोराताई, मी कोणाला तू बोल असं नाही सांगितलं. यादी लावली, ज्यांना बोलायचं त्यांनी नाव लिहा. दीक्षाभूमीसमोर एका कुणबी पोरानं नाव लिहिलं, त्याचं घर लक्ष्मीनगरला आहे अन् लहानपणापासून दसऱ्याच्या गर्दीला पाणी वाटतो म्हणे, मला माहीतच नव्हतं.

आता सुट्ट्या. यादी काढली तं मजा आहे. ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी आम्हाला सुट्टी असते, सात वर्षांत मला माहीत नव्हतं कशाची, ती तिकडची बँक हॉलिडे आहे. त्याच्या आगेमागे पोळा येते अन् त्याची नाही. मॅडमनी विचारलं की तिकडच्या दोन सुट्ट्या काढून प्रत्येकाला दोन आपल्या मर्जीच्या देता येतीन का. तिकडून एका तासात उत्तर आलं, गुड आयडिया, लीगलला विचारतो. लीगलचं अजून यायचं आहे. तिकडे लीगलला नेमकी ऑगस्टची सुट्टी लागली नाही म्हणजे झालं.

गार्डला मी नाव विचारलं. सांगितलं त्यानं, इथं नाही लिहीत. कार्यक्रमाला या म्हटलं, खुर्ची ठेवतो, मोमो पण मागवू. तो हसला. म्हणे मॅडम मोमो तं तुमच्या गेटसमोर पण भेटतात, मला दसईंला, म्हणजे आमच्या नेपाळच्या दसऱ्याला, पंधरा दिवस सोडवून द्या. दसऱ्याच्या दिवशी घरचे मोठे कपाळाला टीका लावतात, तीन वर्षं झाली तो पोचला नाही, एजन्सी आठच दिवस देते अन् गोरखपूरची गाडी, तिथून सुनौली, तिथून बस, मग पायी, जाण्यायेण्यातच निम्मे जातात. एजन्सीला मॅडमनी मेल टाकलाय, सीसीत मी आहे. अजून रिप्लाय नाही, उद्या फोन करते.

आता खरा लोचा ऐका. दसरा, धम्मचक्र दिन अन् दसईंचा टीका, तिन्ही एकाच दिवशी. लीगलनं हो म्हटलं तं त्या आठवड्यात फ्लोरवर बसन कोण? रोस्टर मलाच करायचं आहे, मी म्हटलं होतं ना, एकदा हो म्हटलं की झालं.


बसा_गप्प

मी बसतो त्या आठवड्यात तुमच्याकडे येऊन, व्हेकन्सी काढा. दसऱ्याला सोनं वाटायला सासऱ्याकडे जावं लागते, त्यापेक्षा शिफ्ट बरी. डबल अलाउन्स भेटते का?


तर्री_एक्स्ट्रा

सांबारवडी कोणाकडून घेतली ते सांगा आधी.